देखाव्यातलं ऊन

सोलापुरातल्या कुठल्याही शाळकरी पोराच्या हातात कागद आणि रंगीत खडू द्या आणि म्हणा, "देखावा काढ." तो क्षणभरही विचार करणार नाही. आधी दोन डोंगर काढील. त्यांच्या बेचक्यातून अर्धा सूर्य वर येईल. सूर्याच्या खालून एक नदी निघेल आणि रुंद होत होत कागदाच्या कडेपर्यंत येईल. नदीकाठी झोपडी, झोपडीला टेकून नारळाचं झाड आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पाचसहा पक्षी. हा देखावा मी काढला, माझ्या मुलानं काढला आणि आता नात काढते. तीन पिढ्यांत झोपडीला एक खिडकी वाढली, एवढीच काय ती प्रगती.

आता यातलं सोलापुरात काय आहे हो? डोंगर नाही. उत्तरेला नान्नजकडे जा, माळढोक पक्ष्याचा माळ लागतो. मंगळवेढ्याकडे जा, काळी जमीन आणि ज्वारी. नारळ आमच्याकडे देवापुढं फुटतो. झाडावर लागलेला दिसतो तो कोकणातल्या कॅलेंडरात. आणि सूर्य काही डोंगराआडून लाजत लाजत वर येत नाही. तो सपाट माळावर तव्यावरच्या भाकरीसारखा एकदम पडतो आणि नऊ वाजेपर्यंत करपायला लागतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा 'ऊन' हा शब्दही कमी पडतो. आमच्याकडे त्याला नुसतंच "बाहेर" म्हणतात. "बाहेर जाऊ नकोस" म्हटलं की सगळं आलं.

मराठी भाषा मोठी खट्याळ. चित्रातल्या डोंगरनदीलाही ती 'देखावा' म्हणते आणि ढोंगालाही 'देखावा'च म्हणते. जावई सासऱ्याच्या आजारपणात काळजीचा देखावा करतो आणि चित्रकार संध्याकाळचा देखावा करतो, शब्द एकच. म्हणजे भाषेनं निकाल आधीच लावून ठेवला आहे की काय? जी जागा पृथ्वीच्या पाठीवर कुठंच नाही ती रंगवायची, तिच्यावर ऊन पाडायचं, धुकं सोडायचं, आणि बघणाऱ्याला तिथं जाऊन बसावंसं वाटायला लावायचं, हे खोटं बोलणंच नव्हे का? असले प्रश्न मला दुपारी बारा ते चारमध्ये पडतात. सोलापूरला त्या वेळात दुसरं काही करता येत नाही. इथल्या माणसांना तत्त्वज्ञान कमी असेल असं कुणी समजू नये. फक्त ते पंख्याखाली आडवं पडून केलेलं असतं.

शाळेत आम्हाला ड्रॉइंगचे एक मास्तर होते. चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेला, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, ते पोरं बसवत. एकदा माझ्या शेजारच्या पोरानं वर सांगितलेला देखावा काढून त्यांच्यापुढं धरला. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. डोंगर कुठला, असं त्यांनी विचारलं नाही. नदी कुठली, तेही नाही. ते म्हणाले, "सूर्य इथं मागं आहे ना बे? मग झोपडीची सावली पुढं यायला पाहिजे. कुठाय सावली?"

पोरगं म्हणालं, "सर, झोपडीच खोटी हाय की."

"झोपडी खोटी चालंल," मास्तर म्हणाले, "सावली खोटी चालणार नाही."

त्या वेळी आम्ही हसलो. मास्तरांच्या बोलण्यावर हसायचं, हा नियमच होता. पण पुढं आयुष्यभर जे जे चित्र बघितलं त्याच्यात मी आधी सावली शोधत आलो. कॅलेंडरात, हॉटेलात, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना. डॉक्टरांच्या भिंतीवरच्या चित्रात सूर्य डावीकडं आणि झाडाची सावलीही डावीकडं दिसली की मला त्या डॉक्टरांच्या औषधाचाच संशय येतो.

खरं तर सावलीचा हा कायदा मास्तरांच्या आधी दमयंतीला माहीत होता. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसले. पाच नळ, सगळे सारखे. तिनं देव ओळखले ते कशावरून? त्यांना घाम नव्हता, डोळ्यांची पापणी लवत नव्हती, गळ्यातले हार कोमेजले नव्हते, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि त्यांची सावली पडत नव्हती. स्वयंवर सोलापुरात असतं तर घामाच्या पहिल्याच परीक्षेत निकाल लागला असता, पुढच्या चार खुणांची गरज पडली नसती. पण सावलीची खूण मोठी आहे. ज्याच्यावर ऊन पडतं तो आपल्यातला. आपल्या जुन्या पोथ्यांमधल्या चित्रांत माणसांनाही सावली नसे; रात्र दाखवायची तर वर चंद्र काढायचा आणि खाली सगळं दिवसासारखं लख्ख. मग राजा रविवर्मा (१८४८–१९०६) आले आणि त्यांनी देवादिकांवर एका बाजूनं उजेड पाडला. त्यांच्या छापखान्यातल्या तसबिरी घराघरांत गेल्या. लोकांनी त्या देवघरात लावल्या त्याचं एक कारण मला वाटतं हेच. देव पहिल्यांदाच आपल्या उन्हात येऊन उभे राहिले होते.

पण देखाव्याची खरी शर्थ केली ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांनी. कोल्हापूरचे आनंदराव पेंटर आणि त्यांचे आतेमामे भाऊ बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) या दोघांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. नाटकातल्या पात्रानं तोंड उघडायच्या आधी पडद्यालाच टाळी पडे, असं जुनी माणसं सांगत. राजवाडा, अरण्य, नदीतीर. सोलापुरात कंपनी आली की ते अरण्यही मालगाडीतून गुंडाळून येई.

या पडद्यांचं तंत्र ऐकलं तर तुम्हाला त्या मंडळींच्या पाया पडावंसं वाटेल. पूड रंग सरसाच्या पाण्यात कालवून कापडावर द्यायचा. हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की चांगलाच फिका होतो. म्हणजे पहाटेचं आभाळ रंगवायचं तर हातानं संध्याकाळ लावत जायची आणि उद्या सकाळी ती पहाट होईल असा भरवसा ठेवायचा! वर आणखी एक मेख. रंगवायचं दिवसाच्या उजेडात आणि बघायचं गॅसबत्तीत. पिवळ्या उजेडात निळा रंग मरून जातो, म्हणून निळा मुद्दाम चढा ठेवायचा. म्हणजे जो उजेड समोर नाही, जो अजून पडायचा आहे, त्याचा हिशेब धरून एका तिसऱ्याच, कुठंच नसलेल्या जागेचा उजेड रंगवायचा. याला खोटेपणा म्हणायचं असेल तर असा खोटेपणा करायला फार सचोटी लागते. पुढं बाबूरावांनी स्वतः कॅमेरा जमवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट आणला. पडद्यावर उजेड कसा पडतो हे ज्यानं हातानं रंगवून शिकून घेतलंय त्याला दिव्यांचं काय अवघड?

एवढ्या थोरांवरून एकदम खानावळीत उतरतो, माफ करा. आमच्या भागात एका खानावळीच्या भिंतीवर काश्मीर होतं. दल सरोवर, शिकारा, मागं बर्फाचे डोंगर. पुढ्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन आम्ही ते बघत असू. ज्या पेंटरनं ते काढलं तो घरात तेलुगू बोलणारा, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेला. (आता फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचंही काम गेलं.) त्याच्या काश्मिरात मला काहीतरी खटकायचं. पुष्कळ दिवसांनी कळलं. शिकाऱ्याची सावली बरोबर शिकाऱ्याच्या पोटाखाली होती, काळीकुट्ट, धारदार. आणि लांबचे डोंगर निळे नव्हते. धुरकट पांढरे होते. लांबचा डोंगर निळा दिसतो तो मधल्या स्वच्छ हवेमुळं. हवा निळा उजेड जास्त उधळते, म्हणून जितकी हवा मध्ये जास्त तितका डोंगर निळा. पण मधे धूळ असली की ती सगळेच रंग सारखे उधळते आणि लांबचं सगळं पांढुरकं होतं. म्हणजे हे काश्मीर नव्हतंच. ही बर्फ पडलेली अक्कलकोट रोडची दुपार होती.

पेंटरला एकदा गाठून मी हे म्हटलं. त्यानं ब्रश कानावर ठेवला.

"सर, काश्मीर मी बघितलेलं नाही ओ. ऊन बघितलंय."

मी गप्प बसलो. मास्तरांना हा शिष्य म्हणून दाखवायला हवा होता. डोंगर मनातून काढता येतो, नदी मनातून काढता येते. ऊन मनातून काढता येत नाही; ते ज्याच्या त्याच्या गावचं निघतं.

हे फक्त आमच्या पेंटरचं नाही. सतराव्या शतकात रोमला क्लोद लोराँ नावाचा एक फ्रेंच चित्रकार राहत असे. काल्पनिक बंदरं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. असले महाल, असली गलबतं कुठल्याच बंदरात नसत. पण समोर समुद्रावर टेकलेला सूर्य आणि पाण्यावरून पायापर्यंत आलेली त्याची वाट बघितली की डोळे किलकिले होतात. हा गृहस्थ पहाटेच्या आधीपासून रात्रीपर्यंत शेतात पडून राही आणि आभाळाचे रंग कसे फिरतात ते बघत बसे, असं त्याच्या एका चित्रकार मित्रानंच लिहून ठेवलं आहे. घरच्यांनी त्याला काय काय म्हटलं असेल ते मात्र मित्रानं लिहिलेलं नाही. पुढं इंग्लंडच्या टर्नरला तो इतका आवडला की आपली दोन चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्लोदच्या चित्रांशेजारीच लावावीत, असं त्यानं मृत्युपत्रात लिहिलं. माणसं मृत्युपत्रात घर लिहितात, दागिने लिहितात. यानं शेजार लिहिला. चित्रं आजही तशीच लावलेली आहेत.

पण क्लोदच्या उजेडानं लोकांना वेडही लावलं. अठराव्या शतकात इंग्रज सहलीला निघाले की बरोबर एक छोटा, काळसर, फुगीर आरसा घेत. त्याला क्लोदचंच नाव पडलं होतं. रम्य जागी पोचलं की निसर्गाकडं चक्क पाठ करायची आणि आरशात बघायचं. त्या काळपट काचेत सगळं मऊ, जुनं, चित्रासारखं दिसे. डोंगरापर्यंत तंगड्या तोडत जायचं आणि तिथं जाऊन डोंगराला पाठ दाखवायची! हसू नका. हिप्परग्याच्या तलावावर संध्याकाळी जाऊन बघा. सूर्य तिकडं बुडत असतो आणि मंडळी त्याच्याकडं पाठ करून हातातल्या मोबाइलमध्ये त्याला शोधत असतात. इथं मात्र देखाव्याचा 'देखावा' होतो, हे मी कबूल करतो. खोट्या उन्हाची गोडी लागली आणि खऱ्या उन्हाकडं पाठ फिरली तर भाषेनं लावलेला निकाल बरोबर आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी एवढं लिहायला बसलो तिच्याकडं येतो.

आमची आक्का, माझी थोरली बहीण, गेल्या वर्षी गेली. तिचा तरुणपणीचा एकच धड फोटो आहे, १९६८ सालचा. लग्न जुळवताना पाठवायला म्हणून शहरातल्या एका स्टुडिओत काढलेला. त्या स्टुडिओत एक पडदा होता: तळं, तळ्यात हंस, अलीकडं दगडी कठडा, पलीकडं डोंगर. त्या काळचे फोटो काळेपांढरे, म्हणून पडदाही करड्या रंगांतच रंगवलेला. निम्म्या सोलापूरच्या मुली त्या तळ्याकाठून सासरी गेल्या. सोलापूरला तळ्यांचं दुर्भिक्ष नाही. सिद्धेश्वराचं आहे, कंबर तलाव आहे, हिप्परग्याचा आहे. पण सिद्धेश्वराचं तळं पडद्यावर रंगवून घेतलेला फोटोग्राफर मी पाहिला नाही. का? कारण त्या तळ्याचं ऊन सगळ्यांच्या ओळखीचं. पडद्यावरच्या तळ्याला मे महिना नव्हता.

आक्का ठेवणीतलं पातळ नेसून त्या कठड्यापुढं बसली. फोटोग्राफरनं उजवीकडून पाचशेचा दिवा सोडला. पडद्यातलं ऊन डावीकडून येत होतं. म्हणजे मास्तरांच्या हिशेबानं त्या फोटोत दोन सूर्य आहेत. आक्कानं पडद्याकडं एकदा मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "एवढं पाणी आपल्या हौदात असतं तर!" ते ऐकून फोटोग्राफर हसला, आक्का हसली, आणि तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. त्या फोटोवर लग्न जमलं. भावजींच्या आत्यानं मात्र बोलणी करताना विचारलं होतं, "बागेला पाणी कसं पुरवता?"

आक्का पुढं कुठंच गेली नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. गड्ड्याची जत्रा दर वर्षी. भाचा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये नोकरीला लागला, त्याच्या हातात पैसा आला. "आई, तुला मनालीला नेतो," तो दर वर्षी म्हणायचा. तोवर आक्काचे गुडघे गेले होते. तिच्या वर्षश्राद्धाच्या आधी तो फोटो मोठा करून लावायचा ठरलं. भाच्यानं जुना फोटो स्वच्छ केला, सुरकुत्या काढल्या, आणि पडदा काढून टाकून मागं मनाली लावली. खरी मनाली. स्वतः तिथं जाऊन काढलेला फोटो, बर्फाच्या डोंगरांचा.

"मामा, कसा झालाय?"

सुंदर झाला होता. पण आक्का त्यात चिकटवल्यासारखी दिसत होती. मी नेहमीप्रमाणं सावली शोधली. बर्फात ऊन नुसतं वरून येत नाही, खालच्या बर्फावरून उलटून हनुवटीखालीही शिरतं. चेहऱ्यावरच्या सावल्या उजळतात. आक्काच्या हनुवटीखाली १९६८च्या दिव्याची काळी सावली तशीच होती. मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "ती काढता येईल." दोन मिनिटांत काढली. आता आक्का मनालीत शोभत होती. फक्त ती आक्का वाटत नव्हती.

"अरे, ते तळंच राहू दे," मी म्हटलं.

"मामा, ते तळं खोटं होतं. हे खरं आहे."

"मनाली खरी, रे. पण आक्का तिथं गेली नाही. त्या पडद्यापुढं ती खरोखर बसली होती."

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती पडद्यापुढं बसली, कारण दुसरं काही परवडत नव्हतं. ते मी रोज भिंतीवर बघत बसू?"

दुपारच्या पंख्याखाली जमवलेले माझे क्लोद, टर्नर आणि बाबूराव पेंटर या वाक्यापुढं थोडे बाजूला सरकले. त्याचं चुकत नव्हतं. आईला जे देता आलं नाही ते आता तरी देऊ, असं त्याला वाटत होतं. तो खोटं बोलत नव्हता, कर्ज फेडत होता. पण मला तो हसू आलेला क्षण दिसत होता. आक्का हसली ती त्या पाण्याकडं बघून. पाणी काढून घेतलं आणि हसणं तेवढं ठेवलं, तर बर्फात बसून ती कशाला हसते आहे?

हौदाची गोष्ट मी त्याला सांगितली. त्याला ती माहीत नव्हती. आक्कानं आपल्या पोरांना तक्रारी सांगितल्या, विनोद सांगितले नाहीत. आयांचं असंच असतं. तो हसला, आणि आईसारखाच, आधी मान वळवून हसला. मग त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी खाटखुट केलं आणि हंस परत आला. हनुवटीखालची सावलीही परत आली. कठड्यावर एक चरा पडला होता, तोही त्यानं तसाच ठेवला. मनालीचा फोटो वेगळा मोठा करून त्यानं पुण्याच्या घरात लावला आहे. त्यात कुणीच नाही, नुसते डोंगर.

आक्काचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावायचा होता. खिळा कुठं ठोकायचा यावरून सौभाग्यवतींचा आणि माझा अर्धा तास गेला. तिला तो दारासमोर हवा होता. पण तिथं चारनंतर पश्चिमेचं ऊन येतं, आणि सोलापूरचं ऊन फोटोही सोडत नाही. दोन वर्षांत पांढरा करील. शेवटी उत्तरेच्या भिंतीवर लावला. ट्यूबलाइट उजवीकडं आहे.